घरातला स्मार्ट स्पीकर: तो काय ऐकतो, काय साठवतो आणि ते कसं आवरायचं

स्मार्ट स्पीकरचा माईक दिवसरात्र चालू असतो. 'अलेक्सा' किंवा 'हे गूगल' ही हाक ओळखायचं काम यंत्रातच होतं. तोवर ऐकलेलं काही सेकंदांत पुसलं जातं. हाक जुळली की त्यापुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर पोचतं. घोटाळा होतो तो चुकून जुळलेल्या हाकेने, आणि गोव्यात त्याला निमित्त हाताशीच असतं. शेजारी आलेक्स नावाचा मुलगा असेल आणि त्याची आई त्याला वसरीवरून हाका मारत असेल, तर तुमच्या खिडकीतला इको, म्हणजे ॲमेझॉनचा अलेक्सावाला स्पीकर, जागा होऊ शकतो. घरातलं बोलणं मराठीत चाललंय की कोंकणीत, याने काही अडत नाही. त्याला अर्थ लागला नाही तरी आवाज टिपला जातो.

म्हणून आधी तो किती वेळा विनाकारण जागा होतो ते पाहा. अलेक्सा ॲपमध्ये स्पीकर निवडून सेटिंग्जमधल्या 'साउंड्स'मध्ये 'स्टार्ट ऑफ रिक्वेस्ट' चालू करा. आता तो जागा झाला की बारीक आवाज येईल. जागा झाल्यावर उजळणारी निळी कडा दिसायला तुम्ही समोर असावं लागतं, हा आवाज स्वयंपाकघरातूनही ऐकू येतो. आठवड्याने 'अलेक्सा प्रायव्हसी'मधली 'रिव्ह्यू व्हॉइस हिस्टरी' उघडा. ॲपची मांडणी बदलत राहते, सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' शोधा. 'हे बोलणं अलेक्सासाठी नव्हतं' अशा अर्थाच्या इंग्रजी नोंदी तिथे दिसल्या, तर त्या ऐका. टीव्हीवरचं बोलणं, फोनवरचे पैशांचे व्यवहार, कधी डॉक्टरांविषयीची चर्चा. नेमकं काय गेलं ते स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर पुढची कामं टाळावीशी वाटत नाहीत.

नोंदी जास्त असतील तर दोन गोष्टी करा. स्पीकर टीव्हीपासून आणि खिडकीपासून लांब हलवा. आणि हाकेचा शब्द बदला. 'इको' निवडायचा विचार असेल तर दारात त्याच नावाची मारुतीची व्हॅन नाही ना, हे बघा. 'ॲमेझॉन' घेतलात तर पार्सल आलं की तो जागा होणार. त्यामानाने 'कंप्युटर' बरा, अर्थात घरात शिकणारी मुलं नसतील तर.

आता साठवण. 'मॅनेज युवर अलेक्सा डेटा'मध्ये ध्वनिमुद्रणं किती काळ ठेवायची ते ठरवता येतं: तुम्ही पुसेपर्यंत, १८ महिने, ३ महिने किंवा मुळीच नाही. आमचा सल्ला 'मुळीच नाही' हाच. त्यात माणसागणिक आवाज ओळखायची सोय बिघडू शकते, ते सोसण्यासारखं आहे. त्याच पानावर 'युज ऑफ व्हॉइस रेकॉर्डिंग्ज' बंद करा. कंपनीची माणसं काही ध्वनिमुद्रणं प्रत्यक्ष ऐकतात, हे २०१९ मध्ये जाहीर झालं आहे. स्मार्ट दिवे, पंखे जोडले असतील तर त्यांचा इतिहास वेगळा साठतो, तोही पुसा. दिवा कधी लागला, कधी विझला एवढ्यावरून घरात माणूस कधी नसतो हे कळतं.

गूगलच्या खात्यात 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'खाली आवाजाची नोंद ठेवायची वेगळी खूण असते, ती काढलेली असू द्या. तरी विचारलेल्या प्रश्नांचा मजकूर राहतो, त्यासाठी 'ऑटो-डिलीट' ३ महिन्यांवर ठेवा.

सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे माईकचं बटण. इकोवर लाल दिवा लागतो. गूगलच्या नेस्ट मिनी स्पीकरला वायरीजवळ सरकता खटका असतो, तो सरकवला की वरचे ठिपके नारिंगी होतात. माईक बंद असला तरी ब्लूटूथवरून आरत्या, गाणी वाजतात. चवथीला घर माणसांनी भरतं, तेव्हा माईक बंदच ठेवावा. आलेल्या नातेवाइकांना कोणी विचारलेलं नसतं.

इकोवरच्या 'ड्रॉप इन' या सोयीकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. लंडनला किंवा आखातात असलेली मुलं आई-बाबांची खुशाली घेण्यासाठी ही सोय चालू करून देतात. परवानगी असलेला माणूस यातून समोरच्याने न उचलताही थेट खोलीतलं ऐकू शकतो. हिरवा दिवा लागतो, पण पाठमोऱ्या आजीला तो दिसत नाही. स्पीकरच्या 'कम्युनिकेशन्स'मध्ये जाऊन ही सोय बंद करा किंवा 'माय हाउसहोल्ड'पुरती ठेवा, आणि आजीला ते समजावून सांगा.

पर्यटकांना खोली देत असाल तर स्वतःच्या खात्याचा स्पीकर त्यात ठेवू नका. पाहुण्याने विचारलेलं सगळं तुमच्या नोंदीत येतं आणि तुमचं कॅलेंडर, खरेदी त्याच्या आवाजाला उघडी राहते. पर्यटकांना घरं-खोल्या मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत सुरक्षा कॅमेरे लावायला बंदी केली आहे. कॅमेरा असलेला इको शो तर भाड्याच्या खोलीत नकोच. ठेवायचाच असेल तर वेगळं खातं, खरेदी बंद, माईक बंद, आणि खोलीच्या माहितीपत्रकात त्याचा स्पष्ट उल्लेख.

स्पीकर विकताना किंवा कुणाला देताना नुसती वायर काढू नका. आधी ॲपमधून त्याची नोंदणी रद्द करा. मग तिसऱ्या पिढीच्या इको डॉटवर ॲक्शन बटण २५ सेकंद दाबून धरा. नेस्ट मिनीवर माईक बंद करून वरचा मधला भाग सुमारे १५ सेकंद, खात्रीचा आवाज येईपर्यंत, दाबून ठेवा. यंत्र कोरं झालं तरी सर्व्हरवरची जुनी ध्वनिमुद्रणं तशीच राहतात, ती ॲपमधून वेगळी पुसावी लागतात.