शिष्यवृत्तीचा अर्ज: छाननीत टिकेल असा कसा भरावा

उत्तम गुण असूनही शिष्यवृत्ती हुकते, तेव्हा पुष्कळदा अर्जातली एखादी साधी चूक नडलेली असते. निवड समितीपर्यंत जाण्याआधी प्रत्येक अर्जाची छाननी होते. तिथे तुमची हुशारी कोणी बघत नाही, फक्त अटी आणि कागद जुळवून पाहिले जातात.

म्हणून फॉर्म उघडण्याआधी माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि अटी वहीत उतरवून काढा. गुणांची अट शेवटच्या वर्षाची आहे की सगळ्या वर्षांच्या सरासरीची? उत्पन्न कोणत्या वर्षाचे धरायचे? वय कोणत्या तारखेला मोजायचे? दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर चालते का? एखाद्या अटीबद्दल शंका असेल तर संस्थेला ईमेलने विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. अटीत न बसणारे पंधरा अर्ज भरण्यापेक्षा नेमके बसणारे चार-पाच मन लावून भरलेले बरे. विशिष्ट विषयासाठी असलेल्या छोट्या रकमेच्या योजनाही सोडू नका. त्यांना पात्र ठरणारेच कमी असतात, त्यामुळे चुरसही सहसा कमी असते.

अंतिम तारखेच्या आठ आठवडे आधी कामाला लागा. ज्या दाखल्यांसाठी कार्यालयात अर्ज करावा लागतो ते सर्वांत आधी मागा, कारण तिथला वेळ तुमच्या हातात नसतो. सगळ्या कागदांवर नाव, आडनावाचा क्रम आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते आताच तपासा. दुरुस्तीला आठवडे लागू शकतात. कागद फोनने तिरपे टिपू नका, सावली पडून शिक्का वाचता येत नाही. ३०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅन किती बारकाईने होतो याचे माप) स्कॅन करा. फाइल मर्यादेपेक्षा मोठी झाली तर २०० पर्यंत उतरा, पण अक्षरे स्वच्छ वाचता येतात ना ते बघा. अपलोड केलेली प्रत पुन्हा उघडून पाहायला विसरू नका. मागची बाजू राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

सर्वांत जास्त वेळ निबंधाला द्या. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकते, म्हणून ते कोणाबद्दलच काही सांगत नाही. ‘दर शनिवारी दोन तास अकरा मुलांना गणित शिकवते, वर्षाअखेरीस त्यांतली आठ जण न अडखळता भागाकार करू लागली’ हे वाचताना माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पाचशे शब्दांची मर्यादा असेल तर साधारण शंभर शब्दांत तुम्ही काय शिकता आणि का, अडीचशे शब्दांत एक-दोन प्रसंग तपशिलासह आणि उरलेल्या दीडशेत पुढचा बेत मांडा. तो बेत शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या हेतूशी जोडलेला हवा. त्यांना संशोधक घडवायचे असतील तर तुमच्या नाट्यस्पर्धेच्या पारितोषिकांना तिथे फारसे काम नाही. जुना निबंध वापरताना दुसऱ्या संस्थेचे नाव तसेच राहिले, तर तुम्ही मनापासून लिहिले आहे यावर कोण विश्वास ठेवील?

आर्थिक अडचण सांगताना गयावया नको, हिशेब द्या. शुल्क, राहणे, पुस्तके आणि प्रवास यांची वार्षिक बेरीज करा. त्यातून घरून मिळणारी व इतर मदत वजा करा. उरते ती तुमची गरज. हे आकडे फॉर्ममधल्या आकड्यांशी तंतोतंत जुळले पाहिजेत.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदापेक्षा तुमचे काम जवळून पाहिलेले शिक्षक निवडा. मुख्य पदावरच्या ओळख नसलेल्या व्यक्तीचे पत्र गुळमुळीत होते. किमान चार आठवडे आधी विचारा आणि सोबत गुणपत्रिका, निबंधाचा मसुदा, त्यांच्या वर्गात केलेल्या दोन-तीन कामांची आठवण, अंतिम तारीख व पत्र पाठवायची पद्धत एका पानावर द्या. तारखेच्या आठवडाभर आधी नम्रपणे आठवण करा.

अर्ज तीन दिवस आधी सादर करा. शेवटच्या रात्री संकेतस्थळ संथ होते, ओटीपी वेळेत येत नाही. परदेशी संस्थेची मुदत त्यांच्या घड्याळानुसार असू शकते, तेही बघा. अर्ज क्रमांक आणि पूर्ण भरलेली प्रत जपा. शिष्यवृत्ती नक्की मिळवून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे किंवा ओटीपी मागितला, तर तिथेच थांबा.

नंतर दर दोन दिवसांनी ईमेल आणि स्पॅम फोल्डर बघत राहा. त्रुटी दुरुस्त करायला कधीकधी मोजकेच दिवस मिळतात. मुलाखतीचे बोलावणे आले तर आधी स्वतःचाच अर्ज पुन्हा वाचा, कारण बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात. आणि निवड झाली की त्याच दिवशी नूतनीकरणाची अट शोधा: पुढच्या वर्षी किती गुण लागतील, कोणता कागद कधी द्यायचा, हे लिहून ठेवा.