किराणा यादीवरून घरातली साखर कशी मोजावी आणि कशी कमी करावी

‘आम्ही फार गोड खातच नाही’ असं जवळजवळ प्रत्येक घर म्हणतं. आमचंही म्हणायचं. ते कितपत खरं, हे बघायला वाण्याची यादी पुरते.

मागच्या तीन महिन्यांत किती साखर आणि किती गूळ आणला, ते काढा. दिवाळीचा महिना त्यात धरू नका. महिन्याची सरासरी काढून तिला घरातल्या माणसांनी भागा, मग ३० ने. आमच्या चौघांत महिन्याला ५ किलो साखर आणि १ किलो गूळ लागायचा, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे अशी साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, जमलं तर ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. बिस्किटं, केचप, बाहेरचा चहा हे काहीच न मोजता आमची हद्द संपलेली होती!

गूळ मोजायचा का, यावर आमच्याकडे भांडण झालं. मोजायचा. त्यात थोडी खनिजं असतात, पण तो मुख्यतः साखरच. मध आणि फळांचा रसही याच हिशेबात. अख्खं फळ आणि साधं दूध मात्र नाही.

एवढ्या हिशेबाची गरज काय? ‘साखर खाल्ली की शुगर होते’ इतकं हे सरळ नाही. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो बहुतेक यकृतात जातो आणि फार झाला की तिथे त्याची चरबी बनते. त्यातून फॅटी लिव्हरचा आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढण्याचा धोका असतो. वजन आणि पोटाचा घेर वाढला की इन्शुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो, आणि टाइप २ मधुमेहाची शक्यता वाढते. दातांचं गणित वेगळं: तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल करतात आणि ते दाताचं कवच झिजवतं. म्हणून दिवसभर गोळ्या-चॉकलेटं चघळण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच गोड खाल्लेलं बरं.

आता कात्री. ती पुरणपोळीला लावू नका, चहाला लावा. सण वर्षातून मोजके, चहा रोज तीनदा. सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, दर कपाला घातले तर दिवसाचे ३० ग्रॅम तिथेच गेले. एकदम बंद केलंत तर चौथ्या दिवशी डबा पुन्हा उघडेल. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. आधण सगळ्यांचं एकत्रच असतं, त्यामुळे घरात जाहीर करायचीही गरज नाही. मी केलं नव्हतं. पाहुण्यांना मात्र साखर वेगळी द्या.

पुढचं काम बाटल्यांचं. ३०० मिलीलिटर कोल्ड्रिंकमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि ती पिऊन पोट भरत नाही. ताक, कोकमाचं बिनसाखरेचं पाणी किंवा साधं पाणी ठेवा. पाकिटावर ‘ॲडेड शुगर’ची ओळ वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच नावं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर हा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. खाणं बदललं आणि औषध तेच राहिलं, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. आणि चक्कर, घाम, थरथर सुरू झाली तर तेव्हा साखरच द्यायची, तिथे हिशेब नाही.

सहा महिन्यांनी आमची यादी ३ किलो साखर आणि अर्धा किलो गूळ इथवर उतरली आहे, म्हणजे माणशी रोज २९ ग्रॅम. उरलेले चार ग्रॅम सासूबाईंच्या चहात अडकले आहेत.