कॅपिटल आणि विरामचिन्हं शिकवताना या चुका टाळा

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तेव्हापासून सहा वर्षांचं मूल दोन लिप्या एकदम सांभाळतंय आणि त्यातल्या एकीत कॅपिटल ही भानगडच नाही. देवनागरीतला ‘क’ वाक्यात कुठेही आला तरी ‘क’च. म्हणून वहीत कॅपिटल चुकलं की नियम घोकून घेण्याआधी चूक कसली आहे ते बघा.

‘रॅबिट’ लिहिताना मधले दोन्ही ‘बी’ मोठे काढणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात. शब्दाच्या मध्ये कॅपिटल नको हे त्यांना पाठ असतं. छोट्या ‘बी’ आणि ‘डी’चं पोट कुठल्या बाजूला, इथे त्यांचं अडतं. मोठ्या अक्षरांत हा घोळ नाही, म्हणून मूल बिनधोक वाट धरतं. अशा वेळी लाल शाईचा काही उपयोग नाही. काही दिवस फक्त छोटा ‘बी’ गिरवून घ्या, ‘डी’ला तेवढे दिवस सुट्टी द्या. ‘सी’, ‘ओ’, ‘एस’, ‘व्ही’, ‘झेड’ यांचं दुखणं वेगळं. मोठ्या-छोट्याचा आकार तोच, फरक फक्त उंचीचा. एकेरी वहीत तो तपासणाऱ्यालाही दिसत नाही, म्हणून चार रेघी वही लवकर सोडवू नका.

दुसरी चूक आपल्याच बोलण्यातली. ‘नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल’ असं आपण सांगतो आणि मूल ‘मँगो’चा ‘एम’ मोठा काढतं. बरोबरच आहे, आंबा हे फळाचं नावच आहे की! त्याऐवजी ‘हाक मारायचं नाव, गावाचं नाव’ असं सांगा. वार आणि महिने वेगळे पाठ करून घ्या, मराठीतून त्यांचा काहीच सुगावा लागत नाही. ‘मी’ या अर्थाचा एकटा ‘आय’ही तसाच, कुठेही आला तरी मोठा.

आता पूर्णविराम. बरीच मुलं तो वाक्य संपल्यावर न देता ओळ संपल्यावर देतात. फळ्यावर आपण एका ओळीत एक वाक्य बसवतो, त्याचा हा परिणाम. मुद्दाम दीड ओळीचं वाक्य लिहा आणि पुढचं तिथूनच सुरू करा. हिंदी सुरू झाली की मराठीतही दंड, म्हणजे हिंदीतली पूर्णविरामाची उभी रेघ, घुसतो, पण तो थोड्या आठवणीनं जातो.

‘श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम’ हा नियम तर सोडूनच द्या. प्रत्येकाचा दम वेगळा. ‘मी बाजारात, गेलो आणि, भाजी आणली’ ही वाक्यं त्यातूनच येतात. जुन्या मोडी पत्रांत ही चिन्हं नव्हतीच. छापील मराठीत ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणानं रुळली, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा हात. म्हणजे हा मामला कानापेक्षा डोळ्यांचा. इंग्रजीत एक स्वल्पविराम गाळला की ‘आजी, जेवूया’चं ‘आजीला खाऊया’ होतं, हा इंटरनेटवर फिरणारा विनोद मराठीत चालत नाही, कारण ‘आजी जेवूया’मध्ये स्वल्पविराम नसला तरी आजी सुखरूप असते. त्यापेक्षा फळ्यावर लिहा: ‘दादा आला नाही गेला’. मग एकदा ‘आला’नंतर स्वल्पविराम द्या, एकदा ‘नाही’नंतर. दादा घरात आहे की नाही, यावर वर्गात भांडण जुंपतं.

प्रश्नचिन्हाचा गोंधळ ‘का’ आणि ‘काय’मुळे. हे शब्द दिसले की मुलं आकडा काढून मोकळी: ‘तो का रडतो ते मला माहीत नाही?’ उलट ‘तू जेवलास’ असं विचारायचं असलं तरी पूर्णविराम. शब्द बघू नका, समोरच्याकडून उत्तर हवंय का ते विचारा, एवढंच सांगायचं.

‘योग्य विरामचिन्हे घाला’ या कार्यपत्रिकेत पैकीच्या पैकी मिळवणारं मूल निबंधात एकही चिन्ह देत नाही, ही पालकांची नेहमीची तक्रार. शिष्यवृत्तीच्या सरावात चार पर्यायांतून निवडायचं असतं, स्वतः लिहिताना मात्र ‘इथे काहीतरी हवं’ हेच आधी सुचावं लागतं. म्हणून सराव मुलाच्याच चार ओळींवर हवा. शेजारच्यानं त्या मोठ्यानं वाचायच्या, चिन्ह असेल तिथेच थांबायचं. चिन्ह नसलेला परिच्छेद वाचताना वाचणाऱ्याची दमछाक होते आणि लिहिणारा स्वतःच पेन्सिल मागतो.

आणि वही तपासताना राहिलेली चिन्हं तुम्ही भरू नका. एका ओळीत दोन राहिली असतील तर तिच्यासमोर समासात नुसता 2 लिहा. कुठली दोन राहिली ते मुलानं शोधायचं. याला वेळ लागतो, म्हणून वर्ग मोठा असेल तर एका दिवशी एकाच रांगेच्या वह्या घ्या.