फ्लोराइडची पेस्ट वापरूनही दात किडतायत? या चुका टाळा

पेस्टच्या खोक्यावर 'फ्लोराइड' लिहिलेलं असतं, घरात सगळे दोन वेळा ब्रश करतात, तरी दात किडतो. अशा वेळी पेस्टला नावं ठेवण्याआधी ट्यूबची मागची बाजू वाचा. फ्लोराइड ट्यूबमध्ये असणं वेगळं आणि ते मोकळं होऊन दातावर टिकणं वेगळं.

इनॅमलची, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणाची, झीज भरून काढणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट लाळेतच असतं. खाल्ल्यावर तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की हे क्षार इनॅमलमधून सुटू लागतात आणि आम्ल ओसरलं की परत बसतात. जवळ फ्लोराइड असेल तर ते लवकर बसतात, शिवाय नवा थर आम्लाला सहजी दाद देत नाही.

दाताला कॅल्शियम हवं, म्हणून पेस्टमध्येही हवं?

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. स्वस्त पांढऱ्या पेस्टमध्ये घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची भुकटी असते. तिच्यात साधं सोडियम फ्लोराइड घातलं तर दोघांची गाठ ट्यूबमध्येच पडते आणि न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड तयार होतं. दाताच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. म्हणून खडूच्या पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात. त्यातलं फ्लोराइड फॉस्फेटला बांधलेलं असतं. लाळेतली आणि दातावरच्या थरातली विकरं (एन्झाइम) ते तोंडात मोकळं करतात. सोडियम फ्लोराइडची जोडी सिलिका या घासण्याच्या दुसऱ्या भुकटीशी जमते. अमेरिकेत १९५० च्या दशकात क्रेस्ट नावाची पेस्ट आली, तेव्हाही अडचण हीच होती. तिच्यातल्या स्टॅनस फ्लोराइडला (कथिलाच्या फ्लोराइडला) गिळणार नाही अशी भुकटी म्हणून तापवून तयार केलेलं कॅल्शियम पायरोफॉस्फेट वापरावं लागलं.

तेव्हा घटकांच्या यादीत खडू दिसला तर शेजारी मोनोफ्लोरोफॉस्फेट शोधा, सिलिका दिसली तर सोडियम फ्लोराइड. टक्केवारीला मात्र फसू नका. ०.७६ टक्के मोनोफ्लोरोफॉस्फेट आणि ०.२२ टक्के सोडियम फ्लोराइड, दोन्हींतून मिळणारं फ्लोराइड जवळपास सारखंच, सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग). तुलना पीपीएमची करा. भारतात कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे, आणि हा आकडा व मुदत संपण्याची तारीख ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. तारीख खरंच बघा: खडूच्या पेस्टमध्ये काळ आणि उष्णता यांनी कामाचं फ्लोराइड कमी होत जातं. सवलतीत मिळाल्या म्हणून डझनभर ट्यूबा घेऊन पत्र्याच्या छपराखाली ठेवण्यात शहाणपण नाही. (ट्यूबच्या टोकाचा रंगीत चौकोन घटकांबद्दल काहीच सांगत नाही. तो कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून असतो.)

खळखळून चूळ भरणं

लहानपणापासून हेच शिकवलं जातं, पण त्यात फ्लोराइड वाहून जातं. फेस थुंका आणि तसंच राहू द्या. रात्री झोपण्याआधी तर नक्कीच, कारण झोपेत लाळ कमी सुटते. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीनचं, म्हणजे जंतू मारणारं, चूळ भरायचं औषध दिलं असेल तर ते ब्रशला लागूनच घेऊ नका. पेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट त्याचा असर कमी करतो. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या.

जादा घटकांवर भिस्त

आर्जिनिन या अमिनो आम्लामध्ये दम आहे: तोंडातले काही जंतू त्यापासून अमोनिया करतात आणि आम्ल शमतं. दुधातल्या केसीनपासून केलेलं सीपीपी-एसीपी कॅल्शियम-फॉस्फेट विरघळलेल्या रूपात पुरवतं. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र ते टाळावं. झायलिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थावर जंतूंना आम्ल करता येत नाही. पण ही सगळी फ्लोराइडच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हेत. पोटॅशियम नायट्रेट फक्त थंड-गरम लागून येणारी कळ कमी करतं. कोळशाच्या पेस्टने दात घासले जातात, भरून निघत नाहीत. मिश्री तर तंबाखूच, तिचा इथे विचारच नको.

लहान मुलांसाठी बिनफ्लोराइडची पेस्ट आणण्यापेक्षा मात्रा सांभाळा: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे पाणी तपासून घ्या आणि दंतवैद्याला विचारूनच ठरवा.

हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसला तर अजून वेळ गेलेली नाही; तो थांबवता येतो. जीभ अडकेल असा खड्डा पडला असेल, तर तो कोणत्याच पेस्टने बुजत नाही. सिमेंट भरून घ्यावं लागतं.