नवा गोठा: पशुवैद्यकीय शिक्षणासाठी दूर जाताना

बाजारातून विकत आणलेली गाय पहिले काही दिवस दूध कमी देते, हे गुरे पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. तिला कोणताही रोग झालेला नसतो. जागा नवी, वास नवा, हाकारणारा आवाज नवा, त्यामुळे ती बावरते, आणि बावरलेल्या जनावराच्या रक्तात उतरणारे ॲड्रेनॅलिन पान्हा सोडायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात आडवे येते. अशा वेळी आम्ही पशुपालकाला सांगतो की तिला ओरडू नका, दोन दिवस तिच्या जुन्या चाऱ्याची सवय मोडू नका, नवा चारा हळूहळू मिसळा, पाणी समोर ठेवा आणि शक्यतो दुसऱ्या शांत गाईशेजारी बांधा. पशुवैद्यकीय पदवीसाठी घरापासून दूर निघालेल्या विद्यार्थ्याला मला जे सांगायचे आहे, ते बरेचसे हेच आहे. मी स्वतः कोकणातल्या कुडाळजवळच्या एका गावातून लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला शिकायला गेले होते. एसटीने कोल्हापूर, सोलापूर, लातूर असे टप्पे घेत साधारण साडेपाचशे किलोमीटरचा तो प्रवास होता, आणि त्यातले पहिले दीडशे किलोमीटर मी खिडकीकडे तोंड करून रडत काढले होते.

भीती नेमकी कशाची आहे, ते आधी वेगळे करा

‘मला दूर जायची भीती वाटते’ या एका वाक्यात चार-पाच निरनिराळ्या भीती एकत्र बांधलेल्या असतात, आणि मोळी सोडल्याशिवाय त्यातली एकही काडी मोडत नाही. म्हणून एक कागद घ्यावा आणि मनात येईल ते, कितीही क्षुल्लक वाटले तरी, लिहून काढावे. माझ्या कागदावर ‘तिकडे मासे मिळणार नाहीत’ हे तिसऱ्या क्रमांकावर होते, आणि आईच्या तोंडी ‘तिथे पाणी तरी असते का?’ हा प्रश्न सतत होता. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागल्याचे जिने वाचले आहे, त्या कोकणातल्या आईने दुसरे काय विचारावे? लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीसमोर दोनपैकी एक खूण करावी. एक खूण चौकशी करून सुटणाऱ्या प्रश्नांसाठी असावी आणि दुसरी केवळ दिवस गेल्यावर सुटणाऱ्या प्रश्नांसाठी. वसतिगृहात गरम पाणी मिळते का, खानावळ रविवारी रात्री बंद असते का, जवळचा दवाखाना कोणता, पहाटे उतरल्यावर रिक्षा मिळते का, हे पहिल्या प्रकारचे प्रश्न आहेत, आणि वरच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला दहा मिनिटे फोन केला की त्यांतले बहुतेक निकालात निघतात. ‘माझे तिथे कुणाशी जमेल का’ हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न असून त्यावर घरी बसून कितीही विचार केला तरी उत्तर सापडत नाही, तेव्हा तो विचार तिथेच ठेवून द्यावा.

या यादीत एक ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि तीच अनेकदा सर्वांत जड असते. आपल्याकडे पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेशही एमबीबीएसप्रमाणेच ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. त्यामुळे वर्गात असे अनेक जण असतात ज्यांना एमबीबीएस हवे होते आणि गुण थोडे कमी पडले. ‘म्हणजे ढोरांचा डॉक्टर होणार का?’ असे कुणी लग्नाच्या पंगतीत विचारले की पोटात जे कालवते, त्याचा अंतराशी काही संबंध नसतो, पण घर सोडताना ते अंतराच्याच नावावर खपते. तुमची धाकधूक दूर जाण्याची आहे की मनाविरुद्धच्या वाटेवर जाण्याची आहे, हे स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा. दुसरी गोष्ट खरी असेल, तर निघण्यापूर्वी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांची परवानगी घेऊन दोन दिवस नुसते उभे राहा. अडलेले वासरू सोडवल्यानंतर म्हातारा शेतकरी डॉक्टरांचे हात धुवायला स्वतः तांब्याने पाणी घालतो, ते एकदा पाहिले की पंगतीतल्या प्रश्नाला उत्तर द्यावेसेच वाटत नाही. इतके पाहूनही मन वळले नाही, तर तेही फी भरण्यापूर्वी कळलेले बरे.

किती दूर, किती दिवस

राज्यातल्या राज्यात जायचे झाले तरी अंतरे लहान नाहीत. १८८६ सालापासून चालत आलेले मुंबईचे महाविद्यालय आणि शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथील महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येत असली, तरी सावंतवाडीच्या मुलाला नागपूर हे वेगळ्या हवेचे, वेगळ्या जेवणाचे गाव आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून प्रवेश मिळाला तर केरळमधले वायनाड, राजस्थानातले बिकानेर, पंजाबातले लुधियाना किंवा थेट मिझोरामही वाट्याला येऊ शकते. पसंतीक्रम भरताना केवळ महाविद्यालयाचे नाव पाहू नये. घरापर्यंतच्या प्रवासाचे तास किती, गाड्या किती वेळा बदलाव्या लागतात, हेही त्याच कागदावर मांडावे. पाचशे किलोमीटरची थेट रात्रगाडी ही तीनशे किलोमीटरच्या तीन एसट्यांपेक्षा जवळची असते.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो, त्यात साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. हा आकडा निघण्याच्या आदल्या रात्री मनात घोळवू नये. गाईच्या पोटातल्या जीवाणूंनासुद्धा नव्या चाऱ्याशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा स्वतःला सहा आठवडे द्यावेत आणि त्या अवधीत ‘मला इथे जमणार नाही’ असा कोणताही अंतिम निर्णय घेऊ नये. निघण्यापूर्वीच घरी परत येण्याची पहिली तारीख ठरवून शक्य असल्यास तिकीटही काढून ठेवावे. तारीख ठरलेली असली की मनाला धरायला एक खुंटी मिळते. दर शनिवारी घर गाठण्याची सवय मात्र पहिल्या महिन्यात लावू नये, कारण त्यामुळे ना घर पुरते सुटते, ना वसतिगृह आपले होते.

सामानाच्या बाबतीत एवढेच सांगते की जुन्या चाऱ्याचा थोडा भाग बरोबर असावा. मी सुक्या जवळ्याची चटणी आणि आजीची गोधडी नेली होती. चटणी आठ दिवसांत संपली, खोलीतल्या तिघी मैत्रिणींनी ती ज्वारीच्या भाकरीबरोबर संपवली, आणि त्या आठ दिवसांत आमची जेवढी ओळख झाली तेवढी पुढे महिनाभर नुसते शेजारी झोपून झाली नसती. ॲप्रन, गमबूट आणि विच्छेदनाची पेटी तिथे गेल्यावर शिक्षक सांगतील तशीच घ्यावी. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कुत्रा चावण्याआधीच घ्यायची रेबीजची लस यांबद्दल मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आईवडिलांच्या मनातली ‘जनावर चावले तर?’ ही भीती बोलण्याने जात नाही, लस घेतल्याने बरीच कमी होते.

पहिले दिवस आणि विच्छेदनगृह

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि पशुधन व्यवस्थापन असे विषय असतात, आणि यांतला शरीररचनेचा तास अनेकांच्या मनाची पहिली परीक्षा घेतो. मृत जनावर टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मेलिनचा वास आधी डोळ्यांना झोंबतो, मग घशात बसतो, आणि टेबलावर जे असते ते कालपर्यंत गोठ्यात उभे राहणाऱ्या जनावरासारखेच दिसते. माझ्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच तासाला अंधारी आली होती. त्या दिवशी मला वाटले की मी या कामाची नाही आणि हे घरी कसे सांगावे. प्रत्यक्षात मी सकाळपासून चहाशिवाय काही घेतले नव्हते. रिकाम्या पोटी या तासाला जाऊ नये, खिडकीजवळची जागा धरावी, गुडघे ताठ करून एका जागी उभे राहू नये, आणि चक्कर येईलसे वाटताच लाज न बाळगता शिक्षकांना सांगून खाली बसावे किंवा पाय थोडे उंच ठेवून आडवे व्हावे. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा क्षणभर कमी होऊन हे घडते. त्यावरून कुणाची लायकी ठरत नाही.

रात्री छातीत धडधड सुरू झाली तर श्वास मोठा घेण्याच्या खटपटीत पडू नये, सोडण्याकडे लक्ष द्यावे. चार आकडे मोजत घ्यावा आणि सहा-सात मोजत सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते, याचे कारण तुम्हाला त्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रात शिकायला मिळेल.

भाषेची धास्ती परराज्यात जाणाऱ्यांनाच असते असे नाही. उदगीरच्या बाजूला एका बाईंनी ‘वगार खाईना’ म्हटले, तेव्हा मी मान डोलावली आणि मागे वळून मैत्रिणीला विचारले की वगार म्हणजे कोण. म्हशीची तरुण मादी. तसाच रेड्याला ‘हल्या’ हा शब्दही मला नवा होता. वहीची शेवटची चार पाने अशा शब्दांसाठी राखावीत. कर्नाटकात किंवा पंजाबात असाल तर खात नाही, रवंथ करत नाही, शेण पातळ आहे, गाभण आहे, कधीपासून, एवढे आठ-दहा शब्द तिथल्या भाषेत पहिल्या महिन्यात पाठ करावेत. वर्गातले शिक्षण इंग्रजीत असते, पण जनावराचा मालक तुमचा आवाज ऐकून तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवत असतो, आणि एकदा त्याने तुमच्या मोडक्या शब्दावर हसून नीट उत्तर दिले की ते गाव परके वाटेनासे होऊ लागते.

दिवाळीहून परतल्यानंतरचे आठ दिवस पहिल्या आठवड्यापेक्षा अवघड जातात, हे कुणी आधी सांगत नाही. तेव्हा नवलाई संपलेली असते आणि घरचा वास कपड्यांना ताजा असतो. त्या आठवड्यात संध्याकाळ रिकामी ठेवू नये. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर दूध काढण्याच्या वेळेला जाऊन उभे राहिले तरी चालते.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाली, तास चुकू लागले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर हे घरच्या ओढीच्या पलीकडचे आहे असे समजून लगेच मदत घ्यावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येते. वरच्या मुलांचा त्रास होत असेल तर रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. हे दोन्ही क्रमांक पहिल्याच दिवशी फोनमध्ये साठवून ठेवावेत, कारण गरज पडते तेव्हा शोधण्याची ताकद राहत नाही.

घरचे फोन आणि घरची जनावरे

आईला दिवसातून पाच वेळा फोन केल्याने दोघींचीही काळजी वाढते, असा माझा अनुभव आहे. रात्री जेवणानंतरची एक वेळ ठरवावी आणि त्या वेळी नुसते ‘जेवलीस का’ यावर न थांबता दिवसातली एक घडलेली गोष्ट सांगावी. आईवडिलांनीही ‘नाही जमले तर ये परत’ हे वाक्य एकदाच, निघताना, मनापासून म्हणावे आणि रोज म्हणू नये.

माणसांशी फोनवर बोलता येते, गोठ्यातल्या गाईशी येत नाही, आणि जनावरांच्या ओढीनेच या शिक्षणाकडे वळलेल्या मुलांना हेच सर्वांत जास्त लागते. त्यासाठी निघण्यापूर्वी घरच्यांशी एक करार करावा, की जनावराची वाईट बातमी लपवायची नाही. आमची तांबू माझ्या दुसऱ्या वर्षी गेली. परीक्षा चालू होती म्हणून घरच्यांनी मला बारा दिवस सांगितले नाही, आणि त्या बारा दिवसांत मी रोज ‘तांबू कशी आहे’ असे विचारत होते. मला तिच्या जाण्यापेक्षा ती रोजची ‘बरी आहे’ अधिक बोचली, आणि त्यानंतर कितीतरी महिने घरून आलेल्या कोणत्याही चांगल्या बातमीवर माझा विश्वास बसेना. त्या सुट्टीत आम्ही बसून ठरवले की जे असेल ते त्याच दिवशी कळवायचे.

पुढच्या वर्षी एकदा पहाटे पाच वाजता बाबांचा फोन वाजला, तेव्हा माझे हात गार पडले. तांबूच्या कालवडीला पाडी झाली होती, दोन तास उलटले तरी वार, म्हणजे वासरानंतर बाहेर पडणारे गर्भाचे वेष्टन, पडली नव्हती, आणि शेजारचे काका ती ओढून काढू म्हणत होते, म्हणून काय करायचे ते विचारायला त्यांनी मला फोन लावला होता. मी त्यांना सांगितले की वार मुळीच ओढू देऊ नका, बारा तासांपर्यंत वाट पाहा, तोवर पाडीला चीक पाजा, आणि दुपारपर्यंत पडली नाही तर दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा. साडेआठला त्यांचा पुन्हा फोन आला, की पडली.