मरीन टँकमधलं हिरवं शेवाळ: या चुका टाळा

मरीन टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, दगडांवर हिरवे केस दिसले, की लगेच विचारणा होते, "यावर कोणतं औषध टाकू?" औषध शोधणं हीच पहिली चूक. शेवाळ वाढतंय म्हणजे पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट येतंय, आणि ते कोणी ना कोणी खाणारच. संपमधल्या (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतल्या) कीटोने, म्हणजे मुद्दाम वाढवलेल्या धाग्यांसारख्या शेवाळाने, खायचं की समोरच्या लाइव्ह रॉकवरच्या (जिवाणू वसलेल्या दगडावरच्या) केसाळ शेवाळाने, एवढं मात्र आपण ठरवू शकतो.

सगळ्यात जास्त फसवते ती टेस्ट किट. दगड हिरवेगार आणि फॉस्फेट शून्य! किट बिघडलेली नसते. पाण्यात जेवढं फॉस्फेट सुटतं तेवढं शेवाळ लगोलग शोषून घेतं, मग मोजायला उरणार काय? अशा वेळी आकडा बाजूला ठेवून दगडाकडे बघा. फ्रोझन खाद्य वितळलेल्या पाण्यासकट ओतताय का? फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) आठवडाभर तसाच लटकतोय का? आटलेलं पाणी कशाने भरताय? स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरवर विसंबू नका, बऱ्याच मशिनांत चवीसाठी क्षार ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरचं), टीडीएस (विरघळलेले क्षार) ० असलेलंच पाणी घ्या.

केस टँकमध्येच खरवडू नका, सुटलेले तुकडे दुसरीकडे रुजतात. दगड निघत असेल तर टँकच्याच पाण्याच्या बादलीत धरून टूथब्रशने घासा. निघत नसेल तर एका हाताने उपटा आणि सायफनची नळी अगदी बोटांजवळ धरा. व्हॅलोनिया या शेवाळाचे हिरवे बुडबुडे न फोडता बुडापासून अख्खे काढा.

याच्या उलट टोकाला जाणारेही खूप आहेत. फॉस्फेट रिमूव्हर, भरपूर कीटो, खाद्य जवळपास बंद. मग पाणी खरोखरच रिकामं होतं, कोरल फिकट पडतात आणि तपकिरी, चिकट डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात. हे प्रकरण केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी त्रासदायक. नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहू द्या.

कीटो टाकून विसरून जाणं हीसुद्धा चूकच. गोळा घट्ट झाला, की आतपर्यंत प्रकाश पोचत नाही. तो हातात घेऊन उलगडा. आतले धागे पांढुरके, लिबलिबीत लागले तर ते कुजून खाल्लेलं सगळं परत पाण्यात सोडतायत. दर दोन-तीन आठवड्यांनी तिसरा हिस्सा काढून टाका. संपचा दिवा रात्री लावा, म्हणजे डिस्प्लेचा (समोरच्या टँकचा) प्रकाश बंद असताना पीएच फार उतरत नाही.

कीटोऐवजी काही जण लावतात ते कॉलर्पा शेवाळ दिसतं सुंदर, पण मी ते नवख्यांना सुचवत नाही. कधी कधी एका रात्रीत ते प्रजनन पेशी सोडतं, पाणी दुधाळ हिरवं होतं, ऑक्सिजन घटतो. पानं पारदर्शक व्हायला लागली, की लगेच सगळं बाहेर काढा.

आणि छाटलेलं शेवाळ खाडीत, नाल्यात किंवा समुद्रात टाकू नका. टँकमधून निसटलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोच्या ओशनोग्राफिक म्युझियमखालच्या समुद्रात दिसलं आणि पुढे भूमध्य समुद्रात पसरलं. कॅलिफोर्नियात ते २००० साली सापडलं. तिथे ताडपत्र्यांनी झाकून खाली क्लोरीन सोडावं लागलं, आणि ते संपल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. छाटलेलं सगळं कडक उन्हात कुरकुरीत वाळवा, मगच कचऱ्यात टाका.