हीट पंपाचं बिल फुगलंय? गॅस भरायच्या आधी एवढं तपासा

नाशिकमध्ये बंगल्यात किंवा मोठ्या फ्लॅटमध्ये गरम पाण्यासाठी हीट पंप बसतो तो एकाच हिशेबावर: गिझरच्या एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी. हिशेब खरा आहे. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. गिझरची कॉइल ती सगळी विजेतून देते. हीट पंप २ ते अडीच युनिट वीज घेतो आणि बाकीची उष्णता बाहेरच्या हवेतून ओढतो. तरीही बिल चढलं की पहिला संशय मशिनमधल्या, एसीसारख्या गॅसवर जातो, आणि सर्व्हिसवालाही येतो तो सिलिंडर घेऊनच. बहुतेक वेळा चोर दुसरीकडे असतो.

सुरुवात बिलापासून करा. रुपये नाही, युनिट बघा. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. वरच्या टप्प्यात सरकलेले थोडे युनिटही रकमेत मोठे दिसतात. रीडिंग न घेता सरासरीवर बिल आलं असेल तर पुढच्या महिन्यात राहिलेले युनिट एकदम येतात. आणि तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात बधिर करतं, मे महिन्यात तेच अर्धं तापलेलं असतं.

मीटरच्या लाल दिव्यावरून वॉट काढा

घरातले बाकी सगळे एमसीबी खाली करा, फक्त हीट पंप चालू ठेवा. मीटरवर एका युनिटला किती पल्स हे छापलेलं असतं, समजा ३२००. दिवा १० वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. १० ला ३६०० ने गुणा, मग सेकंद गुणिले ३२०० ने भागा. १२ सेकंद लागले तर उत्तर येतं सुमारे ०.९४ किलोवॉट.

घरगुती २०० ते ३०० लिटरच्या मशिनचा कॉम्प्रेसर साधारण ०.७ ते १ किलोवॉट घेतो; नेमका आकडा नेमप्लेटवर असतो. उत्तर अडीच-तीन किलोवॉट आलं तर कॉम्प्रेसरसोबत टाकीतली बॅकअप कॉइल, म्हणजे गिझरसारखी विजेवर तापणारी कॉइलही तापते आहे. इलेक्ट्रिशियनकडे वायरभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर काम आणखी सोपं, पण क्लॅम्प फक्त फेजच्या एका वायरभोवती लावायचा. अख्खी केबल पकडली तर शून्य दिसतं आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो.

मग पूर्ण चाचणी, बाकी एमसीबी खालीच ठेवून. सकाळी टाकीचं तापमान आणि मीटर रीडिंग लिहा, पाणी न वापरता सेट तापमानापर्यंत तापू द्या, पुन्हा रीडिंग घ्या. लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०, म्हणजे पाण्याला मिळालेली उष्णता युनिटांत. तिला खर्च झालेल्या विजेने भागा. ३ च्या आसपास आलं तर मशीन ठणठणीत आहे, तापवलेली उष्णता नळात किंवा पाइपात वाया जाते आहे. १ च्या जवळ आलं तर कॉइलच पाणी तापवते आहे. दोनच्या आसपास रेंगाळलं तर हवा, क्षार किंवा गॅस.

बॅकअप कॉइल

दीड किंवा दोन किलोवॉटची असते. कुणीतरी पाहुणे आले म्हणून ‘बूस्ट’ किंवा ‘हायब्रिड’ मोड लावतं आणि तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. मोड ‘इको’वर आणा आणि वॉट पुन्हा मोजा. इकोवरही दोन किलोवॉट जास्त दिसले तर कॉइल चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटलेत. रिले बदलावा लागतो, सेटिंगने भागत नाही. जंतुनाशक सायकल, म्हणजे पाणी ६० अंशांपुढे नेणं, आठवड्यातून एकदा पुरते. काही मशिनमध्ये ती चुकून रोजची लागलेली असते, आणि ते काम बहुधा कॉइलच करते. रोजचं सेटिंग ५० अंश ठेवा. त्याखाली नको, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात जिवाणू वाढतात.

जुन्या सोलरच्या टाकीला हीट पंप जोडलेला असेल तर त्या टाकीतली जुनी २ किलोवॉटची कॉइल वेगळ्या स्विचवर असते. तो स्विच गच्चीवर किंवा जिन्यात असतो आणि घरात कुणाच्या लक्षातही नसतो. आधी तो शोधा.

रिटर्न लाइन: सगळ्यात महाग सोय

नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून बंगल्यांत गरम पाणी पाइपातून सतत फिरवलं जातं. वेष्टण नसलेल्या पाइपाच्या दर मीटरला २० वॉट गळती धरली आणि पूर्ण चक्कर ३० मीटरची असली, तर ६०० वॉट उष्णता अखंड भिंतींत मुरते. दिवसाला १४ युनिट उष्णता, म्हणजे हीट पंपाच्या हिशेबाने जवळपास ५ युनिट वीज. ४५ वॉटचा फिरवणारा पंप स्वतः रोज १ युनिट खातो तो निराळा. महिन्याला पावणेदोनशे युनिट झाले, तेही कुणी अंघोळ न करता. शिवाय टाकी कधीच भरून तापत नाही, त्यामुळे कॉइल मदतीला धावते.

उपाय स्वस्त आहेत. पंपाला टायमर लावा: सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. परतीच्या पाइपावर थर्मोस्टॅट बसवून ४० अंशांना पंप बंद होऊ द्या. उघड्या पाइपांवर १३ ते १९ मिलिमीटरचं नायट्राइल रबराचं वेष्टण घाला, आणि गच्चीवर त्यावर ॲल्युमिनियमचं आवरण हवंच, नाहीतर आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत त्याचा भुगा होतो. पंप बंद करून दोन तासांनीही परतीचा पाइप हाताला गरम लागला तर पाणी उलट जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व नीट बसत नाही आणि पाणी आपोआप फिरतं आहे.

मिक्सरमधून होणारी अदलाबदल

शॉवरचा मिक्सर उघडा ठेवून पुढचा हँड शॉवर बंद केला की थंड आणि गरम लाइन आतून जोडल्या जातात. दाब ज्या बाजूला जास्त, तिकडचं पाणी दुसरीकडे ढकललं जातं. तपासणी: मशीन बंद करा, टाकीत येणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व बंद करा, मग एक गरम नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबली पाहिजे. एअर व्हेंटचा पाइप असेल तर मिनिटभर जास्त वाहील. चालूच राहिली तर कुठला तरी मिक्सर थंड पाणी गरम लाइनमध्ये सोडतो आहे. एकेक मिक्सर बंद करत जा म्हणजे दोषी सापडेल.

हवा आणि वेळ

ड्राय बाल्कनीला काचा लावून बंद केली की मशीन स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढतं. आत शिरणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा ४-५ अंशांनी थंड असेल तर तेच घडतं आहे. काच उघडा, किंवा थंड हवेला बाहेर नेणारा डक्ट द्या. मशिनच्या मागच्या, हवेतून उष्णता ओढणाऱ्या जाळीवर धूळ असेल तर मऊ ब्रश आणि साध्या नळाची धार; प्रेशर वॉशरने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

मशीन कधी चालतं हेही बघा. थंडीत इथली पहाट १० अंशांच्या खाली जाते, तेव्हाच्या हवेत उष्णता कमी आणि मागच्या जाळीवर बर्फ धरण्याची शक्यता जास्त. टायमर दुपारी १२ ते ४ वर लावला तर तेवढंच पाणी कमी विजेत तापतं. टाकीचं वेष्टण चांगलं असेल तर पाणी सकाळपर्यंत दोन-चार अंशच उतरतं.

क्षार, आणि सगळ्यात शेवटी गॅस

गंगापूर धरणाच्या पालिकेच्या पाण्यापेक्षा बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या मशिनमध्ये क्षार लवकर धरतात. पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजणारा टीडीएस मीटर यात कामाचा नाही, कडकपणाची पट्टी घ्या. प्लेट एक्स्चेंजर, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणारा पत्र्यांचा भाग, असेल तर लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, कोमट पाणी, छोट्या पंपाने दीड-दोन तास फिरवणं, मग स्वच्छ पाण्याने धुणं. संडास धुण्याचं ॲसिड कधीही नको. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला छिद्रं पाडतं.

हे सगळं ठीक असूनही पाणी तापायला तासन्‌तास लागत असतील, बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा जेमतेम २-३ अंशांनी थंड असेल, किंवा मागच्या जाळीच्या एकाच कोपऱ्यात बर्फ दिसत असेल, तर गॅस कमी आहे. मात्र ‘टॉप-अप’ घेऊ नका. गॅस आपोआप संपत नाही, तो गळतो. नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधणं, ब्रेझिंग म्हणजे सांधा जोडणं, व्हॅक्यूम म्हणजे आतली हवा ओढून काढणं आणि मग नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरणं, हा क्रम ज्याच्याकडे आहे त्यालाच मशिनला हात लावू द्या.